ह्यांच्या कानातली सत्तावीस नंबर

ज्या ऑफिसात सगळ्यांच्या कानाला हेडफोन आणि तोंडाला कुलूप, तिथं किस्से कमी साठत असतील असं वाटतं ना? उलट आहे. जिनिंगच्या शेजारी राहिलं की तुम्ही कापसाला हात लावा न लावा, संध्याकाळी साडीवर पुंजके सापडतातच. आमच्याकडं तसे किस्से सापडतात. टेबलाखाली, डब्याच्या झाकणात, नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात.

ऑफिस जालन्यात, एका बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. परदेशातले डॉक्टर पेशंट तपासून झाले की जे बोलून ठेवतात, ते ऐकून टाइप करायचं, हे आमचं काम. त्यांची रात्र होते, फाइल येते, आमची सकाळ होते. माणसं चार. मालक कादरी सर, सगळ्यात जुन्या वंदनाताई, माझे मिस्टर देविदास, आणि दुपारनंतर अर्धा दिवस मी. लग्न फेब्रुवारीत झालं, हेडफोन मार्चमध्ये मिळाला.

कादरी सरांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला. "यहाँ जो सुने, यहींच छोड के जाना. घर कू नक्को ले जाना." त्यामुळं पेशंटचं नाव, गाव, देश मी सांगणार नाही. नंबरसुद्धा बदललाय. किस्से आमचे आहेत. तिचं जे आहे ते तिचं.

*

पहिला बघण्याच्या कार्यक्रमाचा. शहागडला आमच्या घरी पोहे झाले, चहा झाला. मामा म्हणाले, मुलाला काही विचारायचं असेल तर विचारू द्या. सगळे शिक्षण, स्वयंपाक, नोकरी अशा प्रश्नांची वाट बघत बसले. ह्यांनी विचारलं, "तुम्हाला बारीक आवाजातलं ऐकू येतं का?"

बैठक एकदम गार. आमच्या मामींना वाटलं, मुलगी बहिरी आहे असं कुणीतरी स्थळाला कळवलंय. त्यांची नजर एकेका शेजाऱ्याच्या घरावरून फिरायला लागली.

मी एरवी चारचौघांत बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "येतं. तुमच्या मावशी मघाशी आत म्हणाल्या, पोरगी ठीक हाय पण चहात साखर कमी हाय."

मावशींनी पदर सावरला. हे मान खाली घालून हसले. होकार त्याच दिवशी आला. मला वाटलं, मी आवडले. ऑफिसात आल्यावर कळलं की तिथं सहा महिन्यांपासून एक जागा रिकामी होती.

*

टाइप करणाऱ्याचे दोन्ही हात कीबोर्डवर असतात, म्हणून आवाज पायानं चालवायचा असतो. टेबलाखाली एक पेडल. मधे दाबलं की आवाज सुरू, डावीकडं दाबलं की मागं, उजवीकडं दाबलं की पुढं. आठ वर्षं हे केल्यावर पाय घरी येऊनही थांबत नाही. लग्नात आलेल्या टेबलावर आम्ही जेवायला बसलो की खाली ह्यांचा पाय चालू.

सासूबाई हसनाबादहून पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना वाटलं, शिरेचं काहीतरी आहे. त्यांनी तिळाचं तेल चोळलं, अंगठ्याला काळा दोरा बांधला. दोरा बांधलेला पाय आणखी जोरात चालायला लागला.

मी महिनाभर नुसतं बघितलं आणि मग मला तो पाय वाचता यायला लागला. शेजारच्या काकूंच्या सुनेचं भांडण सांगितलं की उजवीकडं. माझ्या मामींचा फोन आला होता म्हटलं की उजवीकडं, उजवीकडं. गॅस संपत आलाय म्हटलं की मधे, म्हणजे ऐकतायत. डावीकडं मात्र कधीच नाही. माझं एकही वाक्य ह्या माणसाला परत ऐकावंसं वाटलं नव्हतं.

एक दिवस ऑफिसात माझा पेन पडला. मी तो पाडला होता असं समजा. वाकून बघितलं. ह्यांच्या स्क्रीनवर सत्तावीस नंबरची फाइल होती आणि खाली पाय डावीकडं, डावीकडं, डावीकडं.

*

सत्तावीस नंबर म्हणजे एक बाई. अमेरिकेतल्या एका शहरातलं क्लिनिक आमचं गिऱ्हाईक होतं. तिथं एकाच प्रकारचे पेशंट यायचे. आपल्या देशात पोलिसांनी, लष्करानं, ज्यांच्या हातात सत्ता त्यांनी कोंडून ज्यांचे हाल केले आणि जे कसेबसे पळून आले, असे. क्लिनिक त्यांच्यावर उपचार करायचं. तिथल्या डॉक्टर मॅडम त्यांच्या अंगावरच्या खुणा, त्यांची झोप, त्यांची भीती यांचा अहवाल करायच्या. तो कोर्टात जायचा. कोर्टाला पटलं तर त्या देशात आसरा. नाही पटलं तर परत तिथंच, त्याच माणसांच्या हाती.

आमच्या ऑफिसचा रिवाज असा की एक पेशंट एकाच माणसाकडं. पहिली फाइल ज्याला आली, शेवटपर्यंत त्यालाच. सत्तावीस ह्यांच्याकडं. टाइप झालेलं दुसऱ्यानं ऐकून तपासायचं, ते काम माझं. पण सत्तावीसची फाइल हे वंदनाताईंकडं सरकवायचे. "नवीन हाय, इतक्यात नको," म्हणायचे. नवीन मी ऑफिसात होते की घरात, ते मी विचारलं नाही.

सरांचा नियम हे पाळायचे, पण थोडं निसटायचंच. हात धुता धुता म्हणायचे, "आज चार घंटे झोपली." किंवा, "आज पूर्ण जेवली म्हणे." मी रोज सात तास झोपते आणि पूर्ण जेवते, त्याची कुठं नोंद नाही.

एकदा सासूबाईंशी बोलून झाल्यावर फोन चालूच राहिला आणि त्यांनी ऐकलं, "आज सहा घंटे झोपली ती. बरं वाटलं मला." दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं सासूबाई हसनाबादहून थेट ऑफिसात. हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू. सांत्वनाची तयारी करूनच आल्त्या.

"कोण हाय ती?" त्यांनी कादरी सरांना सरळ विचारलं.

सरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, समजावलं. अम्मा, ती बाई आजारी आहे, सात समुद्र पलीकडं आहे, ह्याला ओळखतसुद्धा नाही. सासूबाईंनी पाणी पिऊन विचार केला. मग म्हणाल्या, "तिला हा ठाव न्हाई, मंग ह्याला का एवढी काळजी?"

सर रिकामा ग्लास घेऊन आत गेले. ह्यांचा पाय गप्प. मी लाडू खाल्ला. दोन महिने मला नेमका तोच प्रश्न विचारायचा होता.

*

जळायला मला एक बाई पुरत नव्हती. डॉक्टर मॅडमसुद्धा होत्या. हे त्यांना श्वासावरून ओळखायचे. "आता किटली बंद करतील," म्हणायचे, आणि फाइलमध्ये खटकन आवाज यायचा. "आज खिडकी उघडी हाय त्यांची." मी नवीन साडी नेसून दारात उभी राहिले तर ह्याच माणसानं विचारलं होतं, दूधवाला आला का?

एका फाइलच्या शेवटी मॅडम म्हणाल्या, हे जो कोणी टाइप करतो त्याचे आभार, तुमचे कान फार चांगले आहेत. ते वाक्य ह्यांनी तीनदा ऐकलं. मी मोजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांच्या डब्यात चिठ्ठी टाकली. "डबा करणारीचे हातही चांगले आहेत."

संध्याकाळी डबा परत आला. चिठ्ठीच्या मागं ह्यांचं अक्षर. डॉक्टर लोक बोलतात तसं, विरामचिन्हांसकट. "वांगं उत्तम पूर्णविराम आभार पूर्णविराम नवीन परिच्छेद मीठ प्रश्नचिन्ह."

*

मग तिकडं धोरण बदललं आणि अशा क्लिनिकांना मिळणारी सरकारी मदत थांबली. आम्हाला पत्र नंतर आलं, आधी ते आवाजात कळलं. पहिल्यांदा किटली गेली. मग खिडकी. मॅडम आपल्या गाडीत बसून बोलायला लागल्या, मागं इंडिकेटरची टिकटिक. खोल्या सोडून दिल्या होत्या. चाळीस मिनिटांची फाइल पंचवीसची झाली, मग बाराची. आठवड्याची भेट महिन्यावर गेली. सत्तावीसच्या शेजारी बसून तिची भाषा मॅडमना समजावणारी दुभाषी बाई होती, ती गेली. तिच्या जागी फोनवरचा दुभाषा आला, आणि तो रांगेत थांबल्यावर मिळायचा.

घाई असली की मॅडम भेटीचंच रेकॉर्डिंग पाठवून द्यायच्या, सत्तावीसच्या आवाजासकट. एकदा त्यात दुभाष्याची वाट बघताना फोनमध्ये गाणं वाजत होतं. आमचा नियम असा की जे ऐकू येईल ते लिहायचं, मनाचं काही घालायचं नाही. शब्द नसतील तर कंसात आवाज लिहायचा. ह्यांनी इमानदारीत लिहिलं, (संगीत). पुढच्या मिनिटाला परत (संगीत). असं करत पान भरलं.

वंदनाताईंनी तपासायला घेतलं आणि चष्मा काढून ठेवला. "वीस मिनिटं बाईच्या वाट्याला, त्यात अकरा मिनिटं बँड. वरात हाय का दवाखाना?"

आम्ही हसलो. मग ताईंनी चष्मा परत घातला आणि एकेक (संगीत) तपासला.

आता एक कबुली. फाइली लहान झाल्या तसे हे पाच वाजता घरी यायला लागले. आम्ही मोतीबागेत गेलो, कणीस खाल्लं. एक दिवस ह्यांनी आपण होऊन माझ्या बांगड्यांचा रंग सांगितला. हिरव्या होत्या, बरोबर सांगितला. तिकडं त्या बाईच्या वाटची मिनिटं कापली जात होती आणि इकडं ती माझ्या पदरात पडत होती, हे मला कळत होतं. तरी बरं वाटलं. चार दिवस तर फारच बरं वाटलं.

*

सत्तावीसच्या पायात तिथल्या सरकारनं एक पट्टी बांधली होती. ती कुठं जाते, कुठं थांबते ते त्यांना कळावं म्हणून. पट्टी रोज दोन तास चार्ज करावी लागायची, म्हणजे भिंतीतल्या प्लगजवळ पाय धरून बसून राहायचं. आधी ज्या बाईला कोंडून ठेवलं होतं तिला हे किती बरं वाटत असेल, ते मॅडमनी फाइलमध्ये सविस्तर सांगितलं होतं.

वंदनाताई म्हणाल्या, "आपल्याकडं बांधून दाखवा म्हणावं. लाइट गेली की आख्खा जिल्हा मोकळा."

ह्यांनी मला ते घरी सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या पायाकडं न बघता माझ्या जोडव्यांकडं बघत बसले.

*

मग ती यायचीच बंद झाली. क्लिनिकच्या बसथांब्यावर साध्या कपड्यातले सरकारी लोक उभे राहायला लागले होते. कागद विचारायचे, कागद अपुरा असला की गाडीत घालून न्यायचे. आसरा मागणाऱ्याचा कागद अपुराच असतो, त्यासाठीच तर तो कोर्टात गेलेला असतो. मॅडमची फाइल आली ती दोन ओळींची. सत्तावीस आज आली नाही, पूर्णविराम. झोपेच्या गोळ्या संपल्या असतील, पूर्णविराम. त्या दोन ओळी टाइप करायला ह्यांना अर्धा तास लागला.

त्यातच कोर्टानं तिला आणखी पुरावा मागितला. मार लागला तेव्हाचा, तिच्या देशातल्या सरकारी दवाखान्याचा कागद. वंदनाताई मूळच्या जाफराबादच्या. आजोबांपासून सगळ्यांचे दाखले काढता काढता त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय. त्यांनी ती ओळ दोनदा ऐकली. "ज्यानं मारलं त्याच्याकडूनच मारल्याचा दाखला आणा? म्या लई खेटे घातले दाखल्यांपायी, पर इतकं डोकं कुण्या क्लार्कला सुचलं न्हाई."

घरी ह्यांचा पाय डावीकडं चालायला लागला. मी बोलत नसताना. कुणीच बोलत नसताना. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, तेल लाव. मी लावलं. पाय हातात घट्ट धरला की थोडा वेळ थांबायचा. तेवढा वेळ तो माझा.

*

शेवटचं पत्र आलं. महिनाअखेर टाइपिंग बंद. आणि त्याच आठवड्यात सत्तावीसची सुनावणी तीन महिने अलीकडं ओढली गेली. शुक्रवारपर्यंत अहवाल कोर्टात पोचला नाही तर तिच्याजवळ दाखवायला काहीच नव्हतं. मॅडमनी आपल्या घरून बोलून पन्नास मिनिटांची फाइल पाठवली. सोबत लिहिलं होतं, ह्या कामाचं काही देता येणार नाही, नाही म्हणालात तरी मी समजून घेईन.

कादरी सरांनी पत्र वाचलं. "ये पूछने की बात है क्या?" एवढं म्हणून फाइल ह्यांच्याकडं टाकली.

आणि ह्यांचा कान फुटला. आठ वर्षं हेडफोन घातलेल्या उजव्या कानातून पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी दोन्ही कानांत कापूस कोंबला आणि आठ दिवस हेडफोनला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. वंदनाताई पुतण्याच्या लग्नाला जाफराबादला गेल्त्या. त्या दिवशी बुधवार.

ह्यांनी हेडफोन रुमालानं पुसला आणि माझ्यासमोर ठेवला. कापसामुळं स्वतःचाच आवाज कळत नसल्यानं जरा जोरातच म्हणाले, "तिचा आवाज बारीक हाय."

"त्यासाठीच केलं ना लग्न," मी म्हणाले. ते त्यांना ऐकू आलं नाही.

मॅडम अहवाल वाचत होत्या आणि सत्तावीस फोनवरून ऐकत होती, चुकलं तर सांगायला. दुभाषा नव्हताच आता. तिचं इंग्रजी आमच्या कॉलेजातल्या तोंडी परीक्षेसारखं, शब्द शोधत शोधत. मी तिला मोठी, उंच, देखणी अशी काहीतरी धरून बसले होते. आवाज माझ्याच वयाचा निघाला. खोकली की सॉरी म्हणायची.

खुणांची पानं मी टाइप केली. ती इथं लिहीत नाही. मधे एकदा उठून मी गच्चीवर जाऊन आले, आणि "नवीन हाय, इतक्यात नको" म्हणजे काय ते मला तिथं कठड्याला धरून उभी असताना कळलं.

फाइल गुरुवारी गेली. मिळाली, कोर्टात दिली, असं उत्तर आलं. सुनावणी झाली असेल. काय झालं ते आम्हाला माहीत नाही, कारण आता तिकडून फाइलच येत नाही. काम पोचलं की आवाज पुसून टाकायचा, हा सरांचा नियम. मी पुसला.

*

त्या पन्नास मिनिटांतला एक किस्सा राहिला.

मी टाइप करत होते तेव्हा हे शेजारच्या स्टुलावर बसून स्क्रीनवर उमटणारं एकेक अक्षर वाचत होते. एकतिसाव्या मिनिटाला सत्तावीसनं मॅडमना थांबवलं. विचारलं, हे सगळं लिहितं कोण?

मॅडम म्हणाल्या, इंडियात एक जण आहे. पहिल्यापासून तोच. फार नीट लिहितो.

"पुरुष?"

"हो."

बराच वेळ नुसती खरखर. मग ती म्हणाली, "आता सांगते ते फक्त तुम्ही ऐका. त्या माणसानं ऐकू नये."

मॅडम म्हणाल्या, टाइप करणाऱ्यानं पुढचं सोडून द्यावं, अहवालात नको आहे.

मी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. तिनं पुरुषाला नको म्हटलं होतं. पेडल मधे दाबलेलंच ठेवलं. ती दीड मिनिट बोलली. मग मॅडमनी पुढचा परिच्छेद सुरू केला आणि मी परत टाइप करायला लागले.

ह्यांनी स्क्रीनवरची फाइलची मिनिटं बघून ठेवली होती. एकतीस दहा ते बत्तीस चाळीस. तेव्हापासून विचारतायत. आधी सहज विचारलं, मग भाजी चिरून देता देता, मग मोतीबागेत कणीस हातात ठेवून.

परवा जेवताना परत काढलं. "झोपेचं म्हनली का? कुणाचं नाव घेतलं का?"

मी पोळी वाढली.

"तीन साल ऐकलं म्या तिला. आन् तू एक दिवस. मला न्हाई सांगत?"

हे माझ्याकडं बघत होते. लग्न झाल्यापासून इतका वेळ सलग कधी बघितलं नव्हतं. मी टेबलाखाली नजर टाकली. ह्यांचा पाय डावीकडं, डावीकडं चालला होता.

शेजारी माझा पाय. उजवीकडं दाबून धरलेला.